लिव्हरचे रक्ताचे रिपोर्ट: एकेकटे नको, ओळीनं वाचा

संध्याकाळी सहाच्या सुमारास रिपोर्टचं पाकीट हातात पडलं की बहुतेक जण ते काउंटरवर उभ्या उभ्याच उघडतात. बोट सरळ ठळक अक्षरांवर जातं. "ताई, एसजीपीटी नॉर्मल हाये न जी? मंग काही टेन्शन नाही न?" नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २२ वर्षांपासून टेक्निशियन आहे. गोंदिया, गडचिरोली, बालाघाटहून आलेल्या कितीतरी लोकांनी मला हे विचारलं आहे. लिव्हरचा आजार जुना असेल तर त्याचं उत्तर असं: एसजीपीटी हा रक्ततपासणीतला एक आकडा, तो नॉर्मल असतानाही लिव्हर खूप खराब झालेलं असू शकतं.

हे मी घरात शिकले. माझ्या आईचं रक्त २०१३ पासून दर दोन वर्षांनी मीच काढत होते. मधुमेह होता, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहून आलं होतं, बाकी ठणठणीत. दारूचा तर प्रश्नच नव्हता. एकाही रिपोर्टनं कुणी दचकावं असं काही नव्हतं. २०१९ च्या पावसाळ्यात तिचे पाय सुजले, पोट फुगलं, आणि तपासणीत सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होणं, निघाला. त्या रात्री मी जुने कागद तारखेप्रमाणे पलंगावर मांडले. प्लेटलेट २ लाख १० हजार, मग १ लाख ७० हजार, मग १ लाख ३५ हजार, मग ९८ हजार. अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हर बनवतं ते प्रथिन, ४.१, ३.८, ३.४, २.७. सहा वर्षं आकडे एकाच दिशेनं उतरत होते. आम्ही मात्र दर वेळी त्या दिवसाचा कागद पाहून फाइलला लावत होतो. मी रोज हेच काम करते, तरी मला ते दिसलं नाही.

म्हणून ज्यांच्या घरी नुकतंच 'क्रॉनिक लिव्हर डिसीज', म्हणजे लिव्हरचा जुना आजार, हे शब्द आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध तज्ज्ञांकडेच. पण आपल्या माणसाचा कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, एवढं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी: एक वही करा

शंभर पानी साधी वही घ्या, आडवी धरा. डाव्या कडेला एकाखाली एक लिहा: बिलिरुबिन टोटल, बिलिरुबिन डायरेक्ट, एसजीओटी, एसजीपीटी, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा), प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), सोडियम, पोटॅशियम. वरच्या ओळीत तारखा. सगळ्यात खाली दोन रकाने आणखी ठेवा, एक वजनाचा आणि एक 'त्या आठवड्यात काय झालं' याचा: ताप आला, औषध बदललं, उलट्या झाल्या, लग्नाला जाऊन आलो, काहीही.

जुने रिपोर्ट हरवले असतील तर लॅबमध्ये मोबाइल नंबर सांगून विचारा. बरेचदा कॉम्प्युटरमध्ये मिळतात. आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा. प्रत्येक लॅबचं मशीन आणि नॉर्मलची हद्द थोडी वेगळी असते. अल्ब्युमिन इथं ३.४ आणि तिथं ३.६ आलं तर तो फरक लिव्हरचा नसून मशीनचाही असू शकतो.

दुसरी पायरी: आकड्यांचे दोन गट वेगळे करा

एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या पेशींच्या आत राहणारी एन्झाइम्स. पेशीला इजा झाली की ती रक्तात सांडतात. म्हणजे हे आकडे सांगतात की सध्या किती पेशी दुखावल्या जात आहेत. लिव्हर काम किती करतंय, हे ते सांगत नाहीत. घागर फुटली की पाणी सांडतं, पण घागरीच थोड्या उरल्या असतील तर सांडणार तरी काय? जुन्या सिरॉसिसमध्ये एसजीपीटी ३० किंवा ३५ येतो तो म्हणूनच.

दोन्हींची वरची हद्द साधारण ४० धरतात. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरमधून येतो. एसजीओटी स्नायूंत आणि लाल पेशींतही असतो, त्यामुळे आदल्या दिवशी फार अंगमेहनत झाली असेल तरी तो वाढू शकतो. फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला एसजीपीटी पुढे असतो, आणि आजार मुरत गेला की एसजीओटी त्याला मागे टाकतो. एसजीओटी दुपटीहून जास्त पुढे असेल तर डॉक्टर दारूबद्दल विचारतात. तेव्हा खरं सांगा, लाजू नका. ती माहिती औषधासाठी लागते.

एएलपी आणि जीजीटी ही आणखी दोन एन्झाइम्स पित्ताच्या वाटेबद्दल सांगतात. एएलपी हाडांतूनही येतो. सोबत जीजीटीही वाढला असेल तर लक्ष लिव्हर-पित्ताकडे द्यायचं.

दुसरा गट आहे कामाचा: अल्ब्युमिन, आयएनआर आणि बिलिरुबिन. जुन्या आजारात वहीत आधी हा गट पाहायचा. सोबत प्लेटलेट.

तिसरी पायरी: बिलिरुबिन

टोटल १.२ पर्यंत नॉर्मल. २ ते ३ च्या पुढे गेलं की डोळे पिवळे दिसू लागतात. पण टोटलवर थांबू नका, त्याखालचे डायरेक्ट आणि इनडायरेक्ट बघा. लिव्हर बिघडलं असेल किंवा पित्तमार्ग अडला असेल तर डायरेक्ट वाढतं. लाल पेशी जास्त फुटत असतील तर इनडायरेक्ट.

आपल्या विदर्भात हे जास्तच महत्त्वाचं, कारण इथं सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी सतत फुटतात, त्यामुळे बिलिरुबिन ३ आणि त्यातलं बहुतेक इनडायरेक्ट, असं चित्र नेहमी दिसतं. सोबत एसजीओटीही थोडा वाढलेला. हा कागद लिव्हरच्या आजाराचा असेलच असं नाही. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. काही लोकांत जन्मतःच इनडायरेक्ट जरा जास्त असतं, आणि नवरात्रात नऊ दिवस उपास केले की ते आणखी वाढतं. एरवी सगळं नीट असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

एक विनंती आहे. डोळे पिवळे दिसले की गावाकडे कावीळ उतरवायला नेतात, हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवतात. त्या पाण्यानं रक्तातलं बिलिरुबिन मोजलं जात नाही आणि उतरतही नाही. सिरॉसिसच्या माणसाची कावीळ वाढणं ही धोक्याची खूण असते. त्यात गेलेले आठ-पंधरा दिवस परत येत नाहीत. आणि झाडपाल्याचं किंवा गुळवेलीच्या काढ्यासारखं काही सुरू असेल तर तेही डॉक्टरांसमोर मांडा, लपवू नका.

चौथी पायरी: अल्ब्युमिन आणि आयएनआर

लिव्हरची खरी परीक्षा इथं होते, म्हणून थोडं सावकाश वाचा.

अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त लिव्हरमध्ये तयार होतं. नॉर्मल साधारण ३.५ ते ५. रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवायचं काम त्याचं. ते उतरलं की पाणी बाहेर झिरपतं, आणि लिव्हरमध्ये रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेचा दाब वाढलेला असेल तर पाय सुजतात, पोटात पाणी साचतं. रक्तात ते जवळपास तीन आठवडे टिकतं, म्हणून आज दिसणारं अल्ब्युमिन गेल्या महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट सांगतं.

इथं एक फसगत होते. रिपोर्टवर 'टोटल प्रोटीन ७.०' छापलेलं असतं, आणि ते नॉर्मल म्हणून माणूस पुढे जातो. पण खाली बघा: अल्ब्युमिन २.८, ग्लोब्युलिन ४.२. जुन्या आजारात ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातली दुसरी प्रथिनं, वाढतं आणि बेरीज सांभाळून घेतं. याला आम्ही 'एजी रेशो (अल्ब्युमिन-ग्लोब्युलिनचं प्रमाण) उलटा झाला' म्हणतो. आईच्या २०१९ च्या कागदावर टोटल प्रोटीन ६.९ होतं. साध्या, न ठळक केलेल्या अक्षरात.

अल्ब्युमिन कमी म्हणजे लिव्हरच, असंही नाही. किडनीतून प्रथिन जात असेल, मोठा संसर्ग असेल, खाणं तुटलं असेल तरी ते उतरतं. आणि उतरलं म्हणून डाळ, दूध, अंडी बंद करू नका. लिव्हरला आराम म्हणून प्रथिनं तोडायची ही जुनी समजूत अजून घरोघरी आहे. सिरॉसिसच्या माणसाला उलट वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन लागतं, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खाल्लेलं चांगलं.

आता आयएनआर. रक्त गोठवणारे घटकही बहुतांशी लिव्हरमध्येच तयार होतात. त्यांच्यातला एक तर रक्तात काही तासच टिकतो. म्हणून लिव्हर अचानक ढासळलं तर ते आयएनआरमध्ये दोन-तीन दिवसांत दिसतं, अल्ब्युमिनमध्ये उशिरा. रिपोर्टवर असं असतं: पेशंट १७.२ सेकंद, कंट्रोल १२.५ सेकंद, आयएनआर १.४. म्हणजे या माणसाचं रक्त गोठायला वेळ जास्त लागतो आहे. नॉर्मल माणसात आयएनआर १ च्या आसपास असतो. हृदयाच्या आजारासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तो मुद्दाम वाढवलेला असतो, तेव्हा लिव्हरच्या हिशेबात धरता येत नाही. पित्त अडलेलं असेल तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि आयएनआर वाढतो. अशा वेळी डॉक्टर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन पुन्हा तपासायला सांगतात. सुधारला तर अडचण त्या व्हिटॅमिनची होती.

पाचवी पायरी: प्लेटलेट

लिव्हरचा कागद वाचताना सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा कागद, कुणी उघडत नाही. माझी चूक तिथंच झाली.

लिव्हर कडक झालं की त्यात येणाऱ्या पोर्टल शिरेत दाब वाढतो. तो दाब मागे प्लीहेवर येतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिथं अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट तयार करायचा संदेश देणारा पदार्थही लिव्हरच बनवतं, तोही कमी होतो. त्यामुळे हळूहळू उतरत जाणारे प्लेटलेट ही सिरॉसिसची खूप लवकर दिसणारी खूण ठरते. नॉर्मल दीड ते साडेचार लाख.

२०१७ च्या ऑक्टोबरात आईला ताप येऊन गेला होता. मोहल्ल्यात डेंग्यू होता. प्लेटलेट १ लाख ३५ हजार आले. आम्ही पपईच्या पानांचा रस दिला, ताप गेला, विषय संपला. डेंग्यूमध्ये उतरलेले प्लेटलेट आठ-पंधरा दिवसांत वर येतात. आम्ही परत तपासलेच नाहीत. तुम्ही तपासा. ताप जाऊन महिना झाला तरी प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील, तर कुणाला तरी 'का' म्हणून विचारा.

एक तांत्रिक गोष्टही सांगते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये काही जणांचे प्लेटलेट एकमेकांना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं. रिपोर्टवर 'क्लम्प्स' असं लिहिलं असेल तर काचेच्या स्लाइडवर मोजणी करायला सांगा.

सहावी पायरी: क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम

पोटात पाणी साचलं की लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू होतात. त्यांच्यासोबत हे तीन आकडे दर वेळी हवेत. सोडियम १३५ ते १४५ नॉर्मल, १३० च्या खाली गेलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. या गोळ्यांपैकी स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवते, म्हणून दुकानातलं 'कमी सोडियमचं मीठ' आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. साधंच मीठ, पण कमी.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. हातपाय बारीक झालेल्या माणसात १.२ हा आकडाही किडनी थकल्याचा असू शकतो. आधी ०.६ होतं आणि आता १.२, म्हणजे दुप्पट झालं. वहीत हे एका नजरेत दिसतं, सुट्या कागदावर 'नॉर्मल' दिसतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, घाम जातो, जुलाब लागतात आणि लघवीच्या गोळ्या तशाच चालू राहतात. त्या दिवसांत क्रिएटिनिन चढलेलं मी खूप पाहिलं आहे. जुलाब-उलटी झाली तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन तर घेऊच नका, किडनीला धक्का बसतो.

सातवी पायरी: थोडं गणित

रिपोर्टवरच्याच आकड्यांतून फिब-४ नावाचा हिशेब निघतो. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी. आईचा २०१७ चा कागद घ्या: वय ६१, एसजीओटी ४२, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १३५ हजार.

६१ × ४२ = २५६२. ३६ चं वर्गमूळ ६, आणि १३५ × ६ = ८१०. २५६२ ला ८१० नं भागलं की ३.१६.

१.३ च्या खाली आलं तर लिव्हरमध्ये जास्त व्रण असण्याची शक्यता कमी. ६५ च्या पुढच्या वयात ही हद्द २ धरतात. २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे जाऊन फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) वगैरे करायला हवं. नॉर्मल एसजीपीटी आणि दोनच आकड्यांनी वाढलेला एसजीओटी असलेल्या त्या कागदात ३.१६ लपलेला होता. ताप असताना मात्र हा हिशेब करू नका, प्लेटलेट तात्पुरते उतरलेले असतात. एक महिन्यानं करा. आम्ही तसा केला असता तर दोन वर्षं आधी कळायची शक्यता होती.

सिरॉसिस ठरल्यावर डॉक्टर दोन शब्द वापरतात. चाइल्ड-प्यू हा बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींचा गुणांक. ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी, म्हणजे सगळ्यात गंभीर. मेल्ड हा बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन यांचा हिशेब, आता त्यात सोडियमही धरतात. तो ६ ते ४० असतो. साधारण १५ झाला की प्रत्यारोपणाची चर्चा सुरू करायची वेळ आली असं समजतात. चर्चा म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे. महाराष्ट्रात अवयवदानाची प्रतीक्षा यादी विभागवार असते आणि नागपूरचं विभागीय केंद्र वेगळं आहे. नोंदणी हॉस्पिटलमार्फत होते.

व्हायरस आणि एएफपी

कारण शोधताना हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी होतेच. 'रिअॅक्टिव्ह' आलं तर पुढची, विषाणू प्रत्यक्ष मोजणारी तपासणी करावी लागते. सी ची अँटिबॉडी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते, म्हणून तेवढ्यावरून आजार आहे असं धरायचं नाही. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषध सरकारी केंद्रांत मोफत आहे. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांत चौकशी करा. सी चा कोर्स बहुतेकांना १२ आठवड्यांचा असतो आणि ९५ टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात. घरातल्या एकाला बी असेल तर बाकीच्यांनी तपासून लस घ्यावी.

सिरॉसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी नावाची रक्ततपासणी. ही कॅन्सर लवकर सापडावा म्हणून. एएफपी नॉर्मल आला तरी सोनोग्राफी टाळायची नाही.

रक्त देताना

निळ्या झाकणाची ट्यूब आयएनआरची. ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कमी भरली तर आयएनआर खोटा वाढतो. भरली नाही असं दिसलं तर तिथंच म्हणा, आम्हाला राग येत नाही. काढताना त्रास होऊन लाल पेशी फुटल्या तर एसजीओटी आणि पोटॅशियम खोटे वाढतात, रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' लिहून येतं. असा कागद वहीत उतरवू नका, पुन्हा रक्त द्या. घरून सॅम्पल नेणारा मुलगा दुपारच्या उन्हात आणखी चार घरं फिरणार असेल तर त्याला सकाळी पहिल्या फेरीत बोलवा. उन्हात, उजेडात ठेवलेल्या सॅम्पलमधलं बिलिरुबिनही कमी होतं.

आणखी एक. सिरॉसिसमध्ये किंवा सिकलसेलमध्ये तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीएवनसी फसवा असू शकतो. मधुमेह असेल तर रोजच्या साखरेच्या नोंदी जवळ ठेवा.

रिपोर्टची वाट बघायची नाही, अशा वेळा

रक्ताची उलटी. डांबरासारखी काळी संडास. माणूस बरळतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, हात फडफडतात. पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी. लघवी एकदम कमी. यातलं एकही दिसलं तर आकडे बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

ओपीडीत

सुपर स्पेशालिटीत असो, एम्सला असो की रामदासपेठेतल्या दवाखान्यात, डॉक्टरांना वेळ कमी असतो. फाइल पुढे सरकवू नका, वहीचं पान उघडून ठेवा. आईच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा बोट एका ओळीवरून डावीकडून उजवीकडे नेलं आणि मग विचारलं, "मार्चमध्ये काय झालं होतं?" खालच्या रकान्यात लिहिलेलं होतं: दातासाठी पेनकिलर, पाच दिवस.

निघताना तीन गोष्टी विचारून त्याच पानावर लिहा. पुढचं रक्त कधी द्यायचं? अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एन्डोस्कोपी झाली आहे का, नसेल तर कधी? सोनोग्राफीची पुढची तारीख कोणती? आमच्या वहीत सध्या १४ तारखेला खूण आहे, सकाळी साडेसातची.